फ्रिजमधली टकटक

आमच्या सेक्टर बावीसच्या घरात दोन फ्रिज होते. एक स्वयंपाकघरात, दुधाचा, भाजीचा आणि आईच्या विरजणाचा. दुसरा मागच्या गॅलरीत, आणि चंदीगडच्या थंडीत घरातली सगळ्यात उबदार जागा त्याच्या आत होती. हा दुसरा फ्रिज बाबांनी कबाड्याकडून, भंगारातून उचलून आणला होता. त्याचा कॉम्प्रेसर काढून टाकलेला, दाराला चौकोनी भोक पाडून काच बसवलेली, आत जाळीचे दोन ट्रे, पाण्याची पसरट वाटी, एक छोटा पंखा आणि हीटरची तार. अंडी उबवायचं यंत्र. मैत्रिणी घरी आल्या की मी त्याच्यावर जुनी चादर टाकत असे. सतराव्या वर्षी मुलीला आपल्या घराबद्दल जे काही मिरवावंसं वाटतं, त्यात अंड्यांचा फ्रिज बसत नाही.

माझ्या वयाच्या बाईनं आठवणी लिहायला बसावं हे लोकांना हसण्यासारखं वाटतं. चाळिशीही आली नाही, एवढ्यात कसल्या आठवणी, असं माझी नणंद म्हणालीच. पण आमच्या घरात आठवणींचं काम सध्या कोणीतरी एकानं करणं भाग आहे. बाबा माझ्याकडेच असतात, मुल्लानपूरला, नवव्या मजल्यावर. त्यांची स्मरणशक्ती वरून खाली नाही, मधूनमधून उसवत चालली आहे. जेवण झालं हे विसरतात, आई गेली हे विसरतात. फ्रिज मात्र विसरलेले नाहीत. दिवसातून दोनतीनदा विचारतात, "पिल्लं आली का गं?" म्हणून हे प्रकरण आधी लिहिते आहे, बाकीची मागाहून पाहू.

बाबा मूळचे साताऱ्याकडचे. एअर फोर्समध्ये वीस वर्षं विमानांतली यंत्रं, काटे आणि मापं तपासण्याचं काम त्यांनी केलं. शेवटची पोस्टिंग चंदीगडला होती आणि पेन्शन बसल्यावर आम्ही इथेच राहिलो. मोहालीत त्यांना नोकरी लागली, आईला बालवाडीत. आई दर दिवाळीला म्हणायची, "पुढच्या वर्षी नक्की साताऱ्याला." मी हिंदीत उत्तर द्यायचे, "पक्का मम्मी, पक्का," आणि ती चिडायची, साताऱ्याच्या नाही तर हिंदीच्या रागानं. ज्वारीचं पीठ संपत आलं की घरात सुतकी कळा यायची. ते गावाहून कोणी येणार असेल तरच मिळे. तोवर आई मक्याच्या पिठाच्या भाकऱ्या थापायची आणि प्रत्येक भाकरीमागे पंजाबचा उद्धार करायची. खायला मात्र त्या उत्तम लागायच्या, पिठल्याबरोबर तर विचारू नका.

बाबांना घरात गप्प बसवत नसे. सोल्डरिंगचा वास आणि आईच्या फोडणीचा वास आमच्याकडे एकाच वेळी यायचा. फ्रिजसाठी लागणारा कंट्रोलर त्यांनी स्वतः जुळवला होता, साबणाच्या वडीएवढ्या प्लॅस्टिकच्या डबीत, लाल आकडे दाखवणारा. तो पूर्ण झाला त्या रविवारी त्यांनी मला गॅलरीत बोलावलं आणि शिकवणी घेतली. मला शिकवणी नको होती, पण त्यांच्या हातात स्क्रू ड्रायव्हर असला की नाही म्हणायची सोय नसे.

"हा जाळीचा डबा म्हणजे सप्लाय. याचं काम देत राहायचं. याला अंडी कळत नाहीत, थंडी कळत नाही, काही कळत नाही. वायर जोडली की देणार. पंख्याला हाच देतो, थेट. आणि ही डबी म्हणजे कंट्रोलर. हा पदरचं काही देत नाही. हा फक्त बघत बसतो. साडेसदतीसच्या वर गेलं की हीटर तोडतो, खाली आलं की जोडतो. लोक दोघांना एकच समजतात. एक बंद पडला की दुसरा बदलतात."

"म्हणजे तुम्ही सप्लाय आणि मम्मी कंट्रोलर," मी म्हटलं.

आतून आईचा आवाज आला, "ऐकू येतंय मला."

बाबा हसले. मग म्हणाले, "उद्या काही झालं, तर आधी पंखा बघायचा. पंखा फिरत असेल तर सप्लाय जिवंत आहे, कंट्रोलर गेलाय."

"आणि कंट्रोलर गेला तर?"

"तर तू कंट्रोलर. हीटर थेट सप्लायला जोडायचा, थर्मामीटर समोर घ्यायचा, अडतीसला प्लग काढायचा, सदतीसला लावायचा. आणि तिथून उठायचं नाही. नवीन लागेपर्यंत उठायचं नाही, मुक्ते."

कंट्रोलरच्या पोटात एक छोटा खटका होता. तो जोडताना टक् व्हायचा, तोडताना टक् व्हायचा. दिवसभर, पाचसात मिनिटांनी एकदा. पहिले दोन दिवस त्यानं आमचं डोकं उठवलं, मग तो घराचा आवाज झाला. आजही गीझरचा खटका पडला की मी हातातलं काम थांबवून पुढच्या खटक्याची वाट पाहते. तो पडेपर्यंत मला श्वास नीट घेता येत नाही.

अंडी बीजीची होती. मुल्लानपूर तेव्हा गाव होतं. गहू, मोहरी, म्हशी, आणि शेतांच्या मधोमध नव्या टाउनशिपचे पांढरे खुंट. बीजी म्हणजे साठीच्या पुढची सरदारीण, उंच, पांढरी ओढणी, आवाज शेताच्या त्या टोकाला पोचेल असा. बाबांच्या कंपनीतल्या एका सहकाऱ्याची ती मावशी. तिच्या नवऱ्यानं तीस वर्षं एकाच वाणाच्या देशी कोंबड्या राखल्या होत्या, काळ्या, लाल तुऱ्याच्या, बाहेरचा कोंबडा कधी मिसळू न देता. नवरा गेला, जमीन टाउनशिपमध्ये गेली, घरही जायचं होतं. मुलानं झिरकपूरला फ्लॅट घेतला होता. बीजीनं खूप भांडून त्याच्याकडून गच्चीचा एक कोपरा कबूल करून घेतला होता, कोंबड्यांसाठी. त्याशिवाय मी येणारच नाही, म्हणाली होती. बाबांनी तिला शब्द दिला की वीसेक पिल्लं काढून देतो, गच्चीवर नव्यानं सुरुवात कर. तिनं चोवीस अंडी निवडून दिली, गव्हाच्या भुशात घालून.

ती अंडी आमच्याकडे आल्यावर सहाव्या दिवशी, धुक्याच्या पहाटे, बांधकामावरची भटकी कुत्री तिच्या खुराड्यात शिरली. एकही कोंबडी राहिली नाही. बाबा जाऊन आले. परत आल्यावर त्यांनी चहा घेतला नाही, सरळ गॅलरीत जाऊन फ्रिजसमोर उभे राहिले. म्हणाले, "आता हीच आहेत. चोवीस." तेव्हापासून तो फ्रिज आमच्या घरचा बाळंतिणीच्या खोलीसारखा झाला. दारं हळू लावायची, गॅलरीत ओरडायचं नाही.

अंडी दिवसातून तीनदा फिरवावी लागतात. फिरवलेलं कळावं म्हणून एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोळा अशी पेन्सिलीनं खूण करायची. सकाळी बाबा फिरवायचे, कॉलेजातून आल्यावर मी, रात्री परत बाबा. आई शाकाहारी, अंड्याला हात लावायची नाही. कोंबड्या गेल्याच्या दुसऱ्या दिवशी मी घरी आले तर अंडी आधीच फिरवलेली, आणि प्रत्येकावरची फुली खोडून तिथे बारीक अक्षरात 'श्री' लिहिलेलं.

"अगं, अंड्यावर श्री?" बाबा म्हणाले.

"जीव आहे ना आत," आई म्हणाली. "त्यावर फुली कसली मारता?"

बीजी रोज दोनदा फोन करायची. "पुत्त, बोले?" एवढंच विचारायची. अंडी बोलतात हे मला तिनंच सांगितलं. शेवटच्या दोन दिवसांत पिल्लू आतून कवचाला चोच मारू लागतं, चिवचिवतं. आपण बाहेरून नखानं दोनदा वाजवलं तर आतून उत्तर देतं. तिचा नवरा असंच करायचा. ज्या अंड्यातून उत्तर यायचं त्याला तो 'जागा' म्हणायचा. "जिन्ना जवाब दित्ता, ओह साडे," ती म्हणायची. ज्यांनी उत्तर दिलं ते आपले. मला हे थोतांड वाटलं होतं.

एकोणिसाव्या दिवशी बाबा नव्हते. भावाच्या आजारपणासाठी त्यांना साताऱ्याला जावं लागलं होतं आणि परतीची गाडी धुक्यामुळे दिल्लीच्या अलीकडे कुठेतरी अडकली होती. विसाव्या दिवशी सकाळी मी फ्रिज किलकिला केला, कोपऱ्यातल्या अंड्यावर नखानं दोनदा वाजवलं, आणि कान लावला. आतून टकटक आली. दोनदा. मी दुसऱ्यावर वाजवलं. त्यातूनही. मग मी वेड्यासारखी एकेकावर वाजवत गेले, आणि चोवीसांपैकी एकोणीस जागे निघाले. मी बीजीला फोन केला. तिनं दोनदा आकडा विचारून घेतला. मग म्हणाली, उद्या सकाळी टोपली घेऊन येते. आईनं साखर ठेवली देवापुढे. मला त्या सकाळी इतका आनंद झाला होता की तो लिहितानाही लाज वाटते.

त्याच दुपारी जसलीन कॅनडाला जाणार होती. जसलीन माझी जिवाभावाची मैत्रीण, सहावीपासूनची. सेक्टर सतराच्या स्टँडवरून दिल्ली विमानतळाची तीनची बस. आमच्या घरापासून चालत दहा मिनिटं. आई पंचकुल्याला मंडळातल्या बायकांच्या हळदीकुंकवाला गेली, संध्याकाळी येणार होती. जाताना म्हणाली, "तू घरात आहेस ना?" मी म्हटलं, "आहे."

अकराच्या सुमारास विजेचा झटका आला. दिवे एकदम पिवळे झाले, मग झगझगीत, मग नेहमीसारखे. मी गॅलरीत गेले. कंट्रोलरच्या डबीवरचे लाल आकडे गेले होते. डबी काळी. करंट गेला, म्हणजे सप्लाय गेला, असं मी धरून चालले. पंखा बघितलाच नाही. तो फिरत होता. पण तो इतके दिवस सतत फिरत होता की त्याचा आवाज मला ऐकू यायचा थांबला होता. बाबांचा फोन लागत नव्हता. मी स्वेटरवर शाल घेतली आणि बाजारात धावले.

आमच्या मार्केटच्या मागच्या गल्लीत एका वयस्क सरदारजींचं इलेक्ट्रॉनिक्सचं दुकान होतं. बाबांचे दोस्त. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "बेटा, मरा क्या है? कंट्रोलर या सप्लाई?"

"सप्लाय, अंकल. लाइटच गेली त्याची."

"पंखा चल रहा है?"

"पता नहीं."

"तो देख के आ. दो मिनट का काम है."

"अंकल, प्लीज. जल्दी है."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि सप्लाय काढून दिला. म्हणाले, "इससे नंबर ना आएँ तो समझ लेना कंट्रोलर गया. वापस आ जाना, रखा है मेरे पास. मैं आठ बजे तक बैठा हूँ." हे वाक्य मी नंतर मनात किती वेळा ऐकलं असेल, त्याचा हिशेब नाही. रखा है मेरे पास.

घरी येऊन मी नवा सप्लाय जोडला. आकडे आले नाहीत. पंखा मात्र फिरतच होता, आणि आता तो मला दिसला. आतलं तापमान चौतीसवर आलं होतं. परत दुकानात जायला-यायला अर्धा तास, मग जोडणी, तोवर पिल्लं गारठणार. म्हणून मी बाबांनी सांगितलं तेच केलं. हीटरच्या तारा कंट्रोलरमधून सोडवल्या आणि सप्लायच्या स्क्रूंना थेट आवळल्या. वायर मी नेहमी डावीकडून पीळ घालून गुंडाळते, कारण मी डावखुरी आहे. बाबा त्यावरून मला चिडवायचे. पारा चढू लागला. अडतीसला प्लग काढला, सदतीसला लावला. काढला, लावला. मांडीवर घड्याळ, समोर काच. अडीच तास मी कंट्रोलर होते, आणि अगदी उत्तम कंट्रोलर होते. मधूनमधून दार न उघडता काचेवर नख वाजवायचे, तर आतून चिवचिव यायची.

अडीच वाजता जसलीनचा फोन आला. ती रडत होती. "तू नहीं आएगी?"

इथे मी थांबते आहे. बाहेर बांधकामाचा भोंगा वाजला, बाबांनी विचारलं, "पिल्लं आली का गं?" आणि मी "अजून नाही" म्हणून परत येऊन बसले. आता लिहून टाकते. मी विचार केला की तीनची बस, जायला दहा, यायला दहा, मध्ये पंधरा. फार तर पस्तीस मिनिटं. प्लग काढून जावं की लावून? बाहेर हाडं गोठवणारी थंडी होती. त्या वीस दिवसांत घरात ऐकलेलं एकच: अंडी गारठू देऊ नका. आईनं गॅलरीच्या दाराला गोधडी लावली होती थंडीसाठी. उष्णतेची भीती मला कोणी घातलीच नव्हती, कारण ते काम कंट्रोलरचं होतं. प्लग मी नुकताच काढलेला होता. मी तो पुन्हा लावला. स्वतःच्या हातानं, जाता जाता, भलं करते आहे अशा समजुतीनं.

बस धुक्यामुळे पावणेचारला लागली. जसलीनची आई, आजी, चुलते, सगळे रडत होते, कोणीतरी गोबीचे पराठे वाटत होतं, मीही खाल्ला. मला फ्रिजची आठवण नव्हती असं नाही. होती. दर दहा मिनिटांनी मी स्वतःला सांगत होते, आता पाचच मिनिटं. शिवाय आत ऊब आहे, गारठणार तर नाहीत. बस हलल्यावर मी चालत घरी आले, धावतसुद्धा नाही. सव्वाचार झाले होते.

थर्मामीटर सेहेचाळीसवर होता. मी प्लग ओढला आणि दार उघडलं. तोंडावर गरम वाफ आली, ओल्या पिसांचा वास आला. मी कोपऱ्यातल्या अंड्यावर नखानं दोनदा वाजवलं. मग दुसऱ्या. मग तिसऱ्या. अंडी हाताला चटका बसेल अशी झाली होती. वरच्या ट्रेमधल्या शेवटून दुसऱ्या अंड्यातून एक टक् आली. एकच. मी ते अंडं उचललं, शालीत घेतलं, त्याच्यावर फुंकर घातली, कानाशी धरलं. किती वेळ बसले होते माहीत नाही. माझा स्वतःचा श्वास मी दाबून धरत होते, त्याचा आवाज ऐकू यावा म्हणून. पुन्हा काही आलं नाही. अंड्यावर आईचं श्री होतं, आणि माझ्या घामानं ते पुसट झालं.

त्यानंतर मी जे केलं ते मला माझ्या विसरण्यापेक्षाही जास्त छळतं. मी शांतपणे उठले. हीटरच्या तारा सप्लायवरून सोडवल्या आणि परत कंट्रोलरमध्ये बसवल्या, जशा होत्या तशा. प्लग भिंतीपासून लांब टाकला. आई आली तेव्हा मी तिला सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे बाबा आले तेव्हा त्यांनाही: नवा सप्लाय लावल्यावर आकडे आले होते, सगळं ठीक चाललं होतं, म्हणून मी जसलीनला भेटायला गेले, आणि येऊन पाहते तर कंट्रोलर हीटर तोडतच नव्हता.

बाबांनी स्वेटरही काढला नव्हता. ते गॅलरीत गेले आणि दार ओढून घेतलं. खिडकीच्या काचेतून मला त्यांची पाठ दिसत होती. त्यांनी कंट्रोलरची डबी उघडली, भिंग लावून पाहिलं, मग हीटरच्या तारांची टोकं बोटांत धरून बराच वेळ उभे राहिले. बाहेर आले तेव्हा म्हणाले, "खटका चिकटला. माझीच जोडणी कच्ची होती." आणि हात धुवायला गेले. मला सुटल्यासारखं वाटलं. एवढा वीस वर्षं मुरलेला फिटर आणि फसला, असंही एका कोपऱ्यात वाटून गेलं.

बीजी नऊ वाजता आली. टोपलीत जुनी ओढणी अंथरलेली, दुसऱ्या हातात मोहरीच्या पाल्याचं साग आणि मक्याच्या रोट्यांचा डबा आमच्यासाठी. आईच्या तोंडाकडे बघूनच तिला समजलं असावं. ती गॅलरीत गेली, खाली बसली आणि एकेक अंडं हातात घेऊन नखानं वाजवू लागली. दोनदा वाजवायची, कानाशी धरायची, ओढणीवर ठेवायची. चोवीसही. कोणी तिला थांबवलं नाही. बाबा तिच्या बाजूला हात जोडून उभे होते, खरोखर हात जोडून, एकेकाळचा वर्दीतला ताठ माणूस.

"बीजी, ग़लती मेरी है. कंट्रोलर मैंने बनाया था."

"कोई ना, पुत्त," ती म्हणाली. "कोई ना." मग माझ्याकडे वळून तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. "कुड़ी ने किन्नी मेहनत कित्ती." मुलीनं किती कष्ट घेतले. तो हात मला अजून जड वाटतो. मी त्याखाली एक शब्द बोलू शकले असते. नाही बोलले.

अंडी तिनं टोपलीत भरून परत नेली आणि तिच्या शेतात, नवऱ्याच्या विहिरीजवळ पुरली. महिन्याभरात ती फ्लॅटवर गेली, रिकाम्या हातानं. गच्चीच्या कोपऱ्यात मुलानं पाण्याची टाकी बसवली. बाबा दर महिन्याला तिला भेटायला जात, ती गेली त्या वर्षापर्यंत. मी एकदाही गेले नाही, परीक्षा, नोकरी, लग्न, काही ना काही असायचंच. फ्रिज कबाड्यानं नेला. बाबांनी त्यानंतर सोल्डरिंगची कांडी हातात धरली नाही. घरातली इस्त्री बिघडली तरी बाहेर द्यायचे. आई म्हणायची, "अहो, तुम्ही करा ना," आणि ते म्हणायचे, "माझं काम कच्चं असतं." दर वेळी मी तिथे असले की खोलीतून उठून जायचे. एका खोट्यानं मी त्यांचे हात काढून घेतले होते, आणि ते मला ठाऊक होतं.

मी आता राहते त्या इमारतींच्या खाली कुठेतरी ती विहीर होती. नक्की कुठे, हे विचारायला गावातलं कोणी राहिलं नाही. कधी पार्किंगमध्ये गाडी लावताना टायरखाली खडा वाजतो आणि माझे कान टवकारतात.

गेल्या आठवड्यात, चहाच्या वेळी, मी ठरवून बाबांसमोर बसले. त्यांनी विचारलं, "पिल्लं आली का?" मी म्हटलं, "नाही आली. चूक माझी होती, बाबा." सगळं सांगितलं, प्लग, जसलीन, पराठा, तारा परत बसवल्या ते. ते चहात बिस्किट बुडवत होते. बिस्किट तुटून कपात पडलं. ते त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी मान वर केली आणि माझ्या चेहऱ्यावरून नजर फिरवली, आणि मला दिसलं की समोर त्यांना मी दिसत नव्हते. मी आईची साडी नेसले होते त्या दिवशी, संक्रांतीची.

"मंगल," ते म्हणाले. मंगल माझी आई. आवाज खाली आणून, दाराकडे एकदा बघून म्हणाले, "हळू बोल. पोर आत आहे."

मी कप बाजूला ठेवला.

"डबी जळून गेली होती. मेलेला खटका चिकटेल कसा? आणि तारांना डावा पीळ होता. बघताक्षणी ओळखलं मी." त्यांनी माझा हात धरला. बोटं गार होती. "आयुष्यभर टोचेल तिला. माझं काय, माझ्या नावावर जाऊ दे. पण मला माहीत आहे हे तिला कधी सांगू नकोस हां."

मला आईसारखं बोलावं लागलं, आणि त्यांना आईनं जसं म्हटलं असतं तसंच म्हटलं.

"नाही सांगत, अहो."